गडावर, बीचवर, वाड्यात शूटिंग करायचंय? परवानगीचा अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि तेव्हापासून गडावर जाहिरात करायचीय, डॉक्युमेंटरी करायचीय, आमच्या होमस्टेचा व्हिडिओ करायचाय, परवानगी कशी काढू, असं विचारणारे खूप वाढलेत. सरकारलाही हे हवंच आहे. पडद्यावर दिसलेली जागा बघायला लोक येतात, मग हॉटेलवाला, जीपवाला, बोटवाला सगळ्यांना चार पैसे मिळतात, वाई-मेणवलीकडे बघितलं की हे कळतं. त्यासाठीच तर राज्याने एक खिडकी योजना आणली. तरी अर्ज परत येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच, जागा कोणाच्या ताब्यात आहे हे न बघता अर्ज टाकलेला असतो.

आधी अर्ज कुठे करायचा ते. राज्य सरकारच्या जागांसाठी महाराष्ट्र फिल्म सेलचं पोर्टल आहे, हीच ती एक खिडकी, ते गोरेगाव चित्रनगरीवालं महामंडळ चालवतं, म्हणजे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ. लॉगिन करा, फॉर्म भरा, लोकेशन आणि तारखा टाका, फी ऑनलाइन भरा, यात अवघड काही नाही. पण बरेच जण पर्यटनाचा विषय आहे म्हणून एमटीडीसीला, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाला, पत्र देतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. एमटीडीसी त्यांच्या स्वतःच्या रिसॉर्टच्या आवारापुरती परवानगी देईल, किल्ला त्यांचा नाही, बीच त्यांचा नाही. पर्यटनाची जाहिरात करणारं खातं वेगळं आणि शूटिंगची परवानगी देणारं वेगळं, हे अर्जदाराला कुठे स्पष्ट सांगितलेलं नसतं याचा खरंच राग येतो.

आता किल्ले. १२ पैकी ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तमिळनाडूत. या ११ मधले शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. म्हणजे राजगडाचा अर्ज राज्याकडे जाणार आणि रायगडाचा केंद्राकडे, नावं कितीही सारखी वाटली तरी. एक खिडकी म्हटलं की सगळं एकाच ठिकाणी होईल असं वाटतं, पण ती खिडकी राज्याची आहे. केंद्राच्या ताब्यातली स्मारकं (अजिंठा, वेरूळ, घारापुरी, वसईचा किल्ला, जंजिरा हेही त्यातच), रेल्वे स्टेशनं, विमानतळ यांची परवानगी त्यांच्या त्यांच्याकडूनच काढावी लागते. गेटवे ऑफ इंडिया बघून सगळ्यांना वाटतं हे केंद्राचं असणार, तर ते राज्य पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. म्हणून अंदाजाने फॉर्म भरू नका, आधी त्या जागेवरचा संरक्षित स्मारकाचा निळा बोर्ड वाचा, त्यावर कोणतं खातं आहे ते लिहिलेलं असतं.

आणि एका लोकेशनला एकच मालक असेल असंही नाही. गडाची तटबंदी पुरातत्त्वची पण खालची वाट आणि जंगल वन विभागाचं, असं सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी आहे. तुमचा हिरो वाटेवरून चालत येतो आणि मग दरवाज्यात शिरतो असा शॉट असेल तर दोन खाती झाली. अभयारण्य किंवा नॅशनल पार्क असेल तर वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी, २०२२ च्या दुरुस्तीत फिल्म शूटिंगचा उल्लेख आला आहे पण अधिवासात काही बदल न करता आणि प्राण्यांना त्रास न देता, त्यामुळे जनरेटर, रात्रीचे लाइट, सेट असलं काही लिहिलंत की प्रश्न येणारच. अर्ज भरण्याआधी एक कागद घ्या, प्रत्येक शॉट लिहा आणि त्याच्यापुढे जमीन कोणाची ते लिहा. एवढं केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

मोबाइलवर तर शूट करतोय, परवानगी कशाला, हे पण खूप ऐकायला मिळतं. केंद्राच्या स्मारकांवर हौशी माणसाने हातातल्या कॅमेऱ्याने बाहेरून शूट केलं तर अडचण नसते. स्टँड लावला, लाइट लावले, कलाकार उभे केले, म्हणजे काही खास तयारी केली की परवानगी लागते. गडावरचा कर्मचारी ट्रायपॉड बघूनच थांबवतो आणि तो त्याचं काम करतोय, त्याच्याशी वाद घालू नका.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. जुन्या वाड्यात शूट करायचं असेल तर मालकीचा पुरावा आणि मालकाची संमती लागते. लोक सातबारा शोधत तलाठ्याकडे जातात, आणि वाडा गावठाणात असेल तर त्याचा सातबारा बहुतेक नसतोच! तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो, किंवा सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड. मग उतारा हातात येतो तर त्यावर आजोबांचं नाव, आजोबा कधीच गेले, वारस पाच ठिकाणी. अशा वेळी तिथे राहणाऱ्या एका भावाची सही घेऊन पुढे जाऊ नका, बाकीच्यांपैकी एकाने जरी शूटिंगच्या दिवशी पोलीस स्टेशन गाठलं तर युनिट उभं राहतं आणि दिवसाचे पैसे जातात. जमतील तेवढ्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या एकाच संमतीपत्रावर घ्या, बाहेरगावी असतील त्यांच्याकडे तोच कागद कुरिअरने पाठवून सही मागवा, वेळ लागतो पण घ्या. देवळात शूट असेल तर पुजारीकाकांनी हो म्हटलं हे पुरेसं नाही, ट्रस्ट असेल तर विश्वस्तांचा ठराव लागतो, लेखी, शिक्क्यासकट.

दुसरा अडणारा कागद म्हणजे अधिकारपत्र. अर्ज कॅमेरामनच्या नावाने, फी त्याच्या मित्राच्या खात्यातून, आणि जाहिरात तिसऱ्याच हॉटेलची, असं झालं की अर्ज कोणाचा हेच कळत नाही. ज्याच्यासाठी शूट आहे त्याने लेटरहेडवर लिहून द्यायचं की अमुक व्यक्तीला आमच्या वतीने परवानगी काढायचा अधिकार दिला आहे. अर्ज, पॅन आणि बँक खातं, तिन्हीवर नाव एकच ठेवा, स्पेलिंगसुद्धा. परवानगीसाठी भरलेलं डिपॉझिट परत यायच्या वेळी हेच नडतं.

स्क्रिप्ट मागतात तेव्हा पूर्ण सिनेमा पाठवायचा नसतो, त्या जागेवर काय घडणार तेवढंच, पण ते नीट लिहा. "निसर्गदृश्ये" एवढं लिहून पाठवलेले अर्ज परत येतात. ऐतिहासिक वेशभूषा, घोडे, तलवारी, धूर, मशाली, जे असेल ते सगळं लिहा. लपवलंत आणि आयत्या वेळी दिसलं तर परवानगी हातात असूनही शूट बंद होतं, आणि गडांच्या बाबतीत गावातल्या लोकांच्या भावना पण असतात, त्यांचं चुकत नाही.

मुदतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. पोर्टलवर दिवस लिहिलेले असतात, लोक ते अर्ज टाकल्या दिवसापासून मोजतात आणि लगेच गाडी, हॉटेल, कलाकार बुक करतात. प्रत्यक्षात सगळे कागद आणि फी पोहोचून अर्ज पूर्ण झाला की मोजणी सुरू होते, एक कागद परत मागवला की तुमचे दिवस तिथेच थांबतात. शिवाय त्रुटीचा मेसेज पोर्टलवर येऊन पडतो आणि अर्जदाराला पत्ताच नसतो, तो बिचारा फोनची वाट बघतोय. रोज लॉगिन करून बघा. तारखा मागताना पर्यायी तारखा पण द्या. ६ जूनला रायगड आणि १९ फेब्रुवारीला शिवनेरी मागू नका, त्या दिवशी गडावर उभं राहायला जागा नसते. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग पावसाळ्यात मागू नका, बोटीच बंद असतात.

लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि ही ज्या जिल्ह्यात शूट आहे तिथली, मूल राहतं तिथली नाही. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने फिक्स डिपॉझिट. हे नियम चांगले आहेत, पळवाट शोधू नका. बैलगाडी, घोडा, अगदी कुत्रा असेल तरी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी काढायची. नंतर मिळेल म्हणून थांबलात तर सेन्सॉरला अडकता.

ड्रोनचं पूर्ण प्रकरण वेगळं. गडाची परवानगी मिळाली म्हणजे ड्रोनची मिळाली असं नाही आणि उलटंही नाही. डिजिटल स्काय या केंद्राच्या ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा, हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्या-लाल झोनमध्ये लागते. मालवणजवळ चिपीचं विमानतळ आहे, तिकडे उडवणार असाल तर नकाशा नक्की तपासा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, त्याहून जड ड्रोन जाहिरातीसाठी उडवायचा तर लागतं. मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश अधूनमधून निघतात, तेही त्या आठवड्यात बघून घ्या.

परदेशातली मंडळी तिकडच्या कंपनीच्या नावावर शूट करणार असतील तर सुरुवात एनएफडीसीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, इंडिया सिने हबकडून करा, आणि परदेशी क्रूला टुरिस्ट व्हिसावर आणू नका, फिल्म व्हिसा वेगळा असतो.

परवानगी आली की त्याच्या प्रती काढून स्थानिक पोलीस स्टेशन आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे आदल्या दिवशी देऊन या, पोच घ्या. रात्री १० नंतर स्पीकर नाही. शूट संपल्यावर कचरा उचलून जागेचे फोटो काढा, आधीचे आणि नंतरचे, तारखेसकट, आणि डिपॉझिट परत मिळण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. तो आपोआप येईल म्हणून लोक थांबतात आणि वर्षभराने फाइल शोधायला ऑफिसात कोणी ओळखीचं उरलेलं नसतं.