‘रोझमेरीज बेबी’: पाळण्यातलं बाळ पडद्यावर आलंच नाही

रोमन पोलान्स्कीच्या या १९६८ च्या चित्रपटाच्या शेवटी सैतानाचं पोर दिसतं, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. शिंगं-खुरांपर्यंत वर्णनं होतात! प्रत्यक्षात काळ्या कापडाने मढवलेला पाळणा, वर टांगलेला उलटा क्रूस आणि आत डोकावणाऱ्या त्याच्या आईचा, रोझमेरीचा, भेदरलेला चेहरा, एवढंच दिसतं. ‘त्याच्या डोळ्यांना काय केलंत?’ असं ती विचारते, तेव्हा क्षणभर दोन पुसट डोळे उमटतात. ते बाळाचे नव्हेत. गर्भधारणेच्या स्वप्नदृश्यातल्या सैतानाचेच ते डोळे, म्हणजे तिची आठवण. ‘डोळे बापावर गेलेत’ हे उत्तर आलं की उरलेला चेहरा प्रेक्षक स्वतःच रंगवतो.

त्या दृश्यातला सैतान ‘चर्च ऑफ सेटन’चा संस्थापक अँटन लावेने वठवला, हीदेखील थापच. ते काम क्ले टॅनर या नटाचं.

खरी संदिग्धता वेगळीच आहे. सोबत आणलेली सुरी रोझमेरीच्या हातून पडून जमिनीत रुतते. सैतानपूजक टोळीतली शेजारीण मिनी ती उचलते आणि लाकडावरचा ओरखडा पुसते (शेजारीण शोभते खरी). मग त्याच टोळीतली लॉरा-लुईझ पाळणा जोरात हलवते म्हणून रोझमेरी तिला हटकते, आणि स्वतः झोके देऊ लागते. ही शरणागती की निव्वळ मातृत्व, हे पोलान्स्की सांगत नाही. रोझमेरी साकारणाऱ्या मिया फॅरोने गुणगुणलेली सुरुवातीची अंगाई तेवढी पुन्हा ऐकू येते.