स्टेनलेस सळ्यांचा खांब जहाजाची धडक झेलतो का?

‘खांबात स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घातल्या की जहाज आदळलं तरी पूल हलत नाही’, असं बरीच वर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

स्टेनलेस सळी वापरतात ती गंज टाळण्यासाठी. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोचा समुद्री धक्का १९४० च्या सुमारास अशा सळ्या घालून बांधला, तो टिकला. शेजारी नंतर साध्या सळ्यांनी बांधलेला धक्का खाऱ्या पाण्याने खाऊन टाकला.

धडकेचं गणित वेगळं. दोन्ही पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच, त्यामुळे पहिल्या क्षणी फारसा फरक पडत नाही. आखूड, जाड खांबात तर मुख्य सळ्या पुरत्या ताणल्या जाण्याआधीच काँक्रीट तिरकं फाटतं. तिथे कामाला येते खांबाची जाडी आणि मुख्य सळ्यांभोवती कमी अंतरावर बांधलेल्या रिंगा. काही स्टेनलेस सळ्या तुटण्याआधी जास्त ताणल्या जातात आणि धडकेची ऊर्जा शोषतात, हा फायदा खराच. पण खांब वाकत असेल तरच तो मिळतो. आणखी एक: न गंजल्यामुळे सळीची जाडी टिकते, म्हणून जुना खांबही कमजोर होत नाही. माझ्या मते हाच मोठा लाभ.

मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावर सुमारे ३०० मीटर लांबीचं ‘डाली’ जहाज आदळलं, सहा कामगारांचा जीव गेला. इतक्या वजनापुढे सळीची जात गौण ठरते. जहाज खांबापर्यंत पोहोचूच द्यायचं नसतं. फ्लोरिडात १९८० च्या अशाच अपघातानंतर १९८७ मध्ये खुल्या झालेल्या नव्या सनशाइन स्कायवे पुलाच्या खांबांभोवती म्हणूनच दगडी बेटं आणि काँक्रीटचे भक्कम अडसर उभारले आहेत.