नीच तापमान कण अभिज्ञातक

स्फटिकावर आदळलेल्या एका कणाची ऊर्जा, त्या स्फटिकाच्या तापमानात होणाऱ्या अत्यल्प वाढीवरून मोजणारे उपकरण. कृष्ण द्रव्याचा (प्रकाश न देणारे, गुरुत्वाकर्षणावरून जाणवणारे द्रव्य) व न्यूट्रिनोरहित द्वि-बीटा क्षयासारख्या (अणुकेंद्रकातून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण न्यूट्रिनो नाही) अतिविरळ घटनांचा शोध हे त्याचे मुख्य कार्यक्षेत्र होय. निरपेक्ष शून्याजवळ विद्युत् निरोधक स्फटिकाची उष्णताधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे १० मिलिकेल्विन तापमानाला पाऊण किलोग्रॅमच्या टेल्युरियम डाय-ऑक्साइड स्फटिकात दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पडली, तर त्याचे तापमान सुमारे ०.१ मिलिकेल्विनने चढते आणि ही वाढ मोजता येते.

कल्पनेचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. प्येर क्यूरी व आल्बेर लाबोर्द यांनी १९०३ मध्ये रेडियमची उष्णता मोजली, तर एलिस व वूस्टर यांनी १९२७ मध्ये बीटा कणांची सरासरी ऊर्जा उष्णतामापनाने ठरविली. म्हणून काहीजण आरंभ तेथपर्यंत मागे नेतात. मात्र ती मापने असंख्य कणांच्या एकत्रित उष्णतेची होती. तापमान उतरविल्याने उष्णतामापकाची संवेदनक्षमता वाढेल, हा नेमका विचार फ्रान्झ सायमन यांनी १९३५ मध्ये मांडला. अँड्र्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ च्या सुमारास अतिसंवाहक (अतिथंड असताना विद्युत् रोध शून्य होणाऱ्या) पट्टीवर आल्फा कणांचे स्पंद नोंदविले. विरळ क्षयांसाठी फिओरिनी व नीनिकोस्की यांनी, तसेच क्ष-किरणांसाठी मोझ्ली, माथर व मकॅमन यांनी १९८४ मध्ये केलेल्या मांडणीतून आजचे तंत्र उभे राहिले. कल्पना सायमन यांची व तंत्र १९८४ चे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लँग्ली यांचे बोलोमीटर (सु. १८८०) प्रारणाचा अखंड ओघ मोजण्यासाठी होते, एकेका कणाच्या उपकरणाला तेच नाव चिकटले, ते काटेकोर नसले तरी आता रूढ आहे.

कोकण किनाऱ्याच्या उत्तर भागात, मुंबईत कुलाब्याच्या समुद्रालगत असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कथिल-१२४ च्या द्वि-बीटा क्षयासाठी कथिलाच्या बोलोमीटरवर काम झाले आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कल्हईमुळे घरोघर परिचित असलेला हा धातू ३.७ केल्विनखाली अतिसंवाहक होतो आणि पुढे आणखी थंड केल्यावर त्यातील इलेक्ट्रॉनांचा उष्णताधारकतेतील वाटा जवळजवळ नाहीसा होतो. नैसर्गिक कथिलात कथिल-१२४ हा समस्थानिक सु. ५.८ टक्केच असतो. दुसरी अडचण अशी की, सु. १३° से. खाली शुद्ध पांढरे कथिल हळूहळू भुसभुशीत करड्या रूपात जाऊ शकते. बिस्मथ किंवा अँटिमनी मिसळल्यास हे रूपांतर रोखले जाते, परंतु बाहेरून घातलेल्या प्रत्येक द्रव्याबरोबर किरणोत्सर्गी मलही आत येण्याचा धोका असतो. तापमापक म्हणून लागणारे जर्मेनियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवण्यात आले. त्यामुळे त्यातील काही अणूंचे गॅलियम व काहींचे आर्सेनिक बनते आणि त्याचा विद्युत् रोध तापमानाच्या किंचित बदलानेही मोठा पालटतो. असा काही मिलिमीटरांचा तुकडा गोंदाच्या बारीक ठिपक्यांनी अभिज्ञातकाला चिकटवितात.

किनाऱ्यावर उपकरणाची पारख होऊ शकते. दीर्घ निरीक्षण मात्र कठीण असते. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला सुमारे एक म्यूऑन (वैश्विक किरणांपासून वातावरणात निर्माण होणारा भेदक कण) जातो, म्हणजे कुलाब्यात काय किंवा मालवणात काय, उघड्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास. त्यामुळे असे प्रयोग डोंगराच्या पोटात किंवा खोल खाणीत मांडतात. इटलीत ग्रान सास्सो येथे सु. १,४०० मी. खडकाखाली द्वि-बीटा क्षय शोधणाऱ्या ‘क्युओरे’ प्रयोगाचे टेल्युरियम डाय-ऑक्साइडाचे ९८८ स्फटिक आहेत. त्यांच्या कवचासाठी सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या रोमन जहाजातील शिसे वापरले आहे, कारण शिसे-२१० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे अर्धायुष्य सु. २२ वर्षे असल्याने दोन हजार वर्षांत तो त्यातून संपून गेला आहे.

कृष्ण द्रव्यासाठी कॅल्शियम टंग्स्टेट (क्रेस्ट), जर्मेनियम (एडेलवाइस) आणि जर्मेनियम व सिलिकॉन (सुपर-सीडीएमएस) यांचे स्फटिक वापरतात (कंसांत प्रयोगांची नावे). कृष्ण द्रव्याचा कण अणुकेंद्रकावर आदळेल अशी अपेक्षा असते आणि अशा आघातातून प्रकाश वा विद्युत् भार कमी निघतो. उष्णतेशी त्याचे प्रमाण पाहून इलेक्ट्रॉनांवरील आघात वगळता येतात. कृष्ण द्रव्याचा निर्विवाद संकेत अद्याप मिळालेला नाही. क्रेस्टच्या आरंभीच्या नीलम स्फटिकांत आढळलेले अनपेक्षित स्पंद, घट्ट आवळलेल्या स्फटिकाला पडणाऱ्या सूक्ष्म भेगांचे निघाले होते.