दोन पंचमांश की दोन पंचमांश एकर?

भाचीच्या वहीत परवा ही दोन गणितं एकाखाली एक दिसली.

पाऊण एकर शेतापैकी दोन पंचमांश शेत विकलं. किती उरलं?
पाऊण एकर शेतापैकी दोन पंचमांश एकर विकलं. किती उरलं?

तिने दोन्हीकडे ३/४ − २/५ मांडलं होतं. दुसऱ्याला ते बरोबर आहे. पहिल्याला नाही.

गुंठ्यांत बघू. एकराचे ४० गुंठे, पाऊण एकराचे ३०. दुसऱ्या गणितात दोन पंचमांश एकर, म्हणजे १६ गुंठे गेले आणि १४ उरले. पहिल्यात मात्र पाच वाटे एकराचे करायचे नाहीत, त्या ३० गुंठ्यांचेच करायचे. सहा गुंठ्यांचा एक वाटा, असे दोन गेले. उरले १८. चार गुंठ्यांचा फरक! गावाकडे तेवढ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात.

गुंठे केले तेव्हा आपण नकळत समच्छेदच केला: ३०/४० − १६/४० = १४/४०. चौथाईचा तुकडा आणि पंचमांशाचा तुकडा वेगवेगळ्या मापाचे, त्यामुळे आधी दोन्ही एका मापात आणावे लागतात. ४ आणि ५ चा लसावि २०, म्हणून वहीत १५/२० − ८/२० = ७/२० असं येईल. छेद ४० घेतला म्हणून काही बिघडत नाही, शेवटी अंशाला आणि छेदाला दोनाने भाग द्यायचा एवढंच. हे न करता अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा करणारी मुलं असतात. त्यांना इथे १/−१ मिळतं, म्हणजे शेत विकून वर उणे एक एकर!

पहिल्या गणितात समच्छेदाची गरजच पडत नाही. दोन पंचमांश गेले, तीन पंचमांश राहिले, आणि तेही पाऊण एकराचे: ३/४ × ३/५ = ९/२०. गुणाकाराला छेद सारखे लागत नाहीत.

हा घोळ आजचा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त समच्छेदाचा नियम दिला, आणि एखाद्या राशीतून तिचाच अंश कमी करायचा असेल तर त्यासाठी ‘भागापवाह’ या नावाखाली निराळी रीत सांगितली. ३/४ च्या खाली २/५ मांडायचे. वरच्या छेदाला खालच्या छेदाने गुणायचं, ४ × ५. आणि वरच्या अंशाला, खालच्या छेदातून खालचा अंश वजा करून जे येईल त्याने, ३ × (५ − २). उत्तर तेच, ९/२०.

‘पैकी’ दिसलं की गुणाकार, असं काही शिकवण्यांत पढवतात. त्यावर विसंबू नका. वर दोन्ही वाक्यांत ‘पैकी’ आहे. बघायचं ते अपूर्णांकाच्या पुढे: एकर, लिटर, किलो असं माप आहे की ‘शेत’, ‘हिस्सा’, ‘भाग’? माप असेल तर सरळ वजाबाकी.

बोलण्यात तर हे मापच गळतं. ‘दीड एकरातलं पाव विकलं’ म्हणजे १० गुंठे गेले की १५, हे सांगणाऱ्यालाच विचारावं लागतं.