चोक कुंडली

प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या, म्हणजे एसी) विद्युत प्रवाहाला आळा घालण्यासाठी मंडलात एकसरीत जोडलेले तारेचे वेटोळे. बोलण्यात नुसते ‘चोक’. बहुतेकांच्या ओळखीचा चोक ट्यूबलाइटच्या पट्टीतला: पत्र्याच्या लांबट डबीत बंद, आकाराच्या मानाने जड आणि जुना झाला की गुणगुणणारा.

वेटोळ्यातला प्रवाह बदलला की त्याचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्याच तारेत त्या बदलाला विरोध करणारा विद्युत दाब (व्होल्टेज) निर्माण होतो. हे स्वयंप्रवर्तन अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी 1832 मध्ये मांडले. प्रवर्तकत्वाचे, म्हणजे वेटोळ्याच्या या गुणाचे, एककही त्यांच्याच नावाचे: हेन्री. प्रवाहाची वारंवारता जितकी जास्त तितकी अडवणूक जास्त. स्थिर दिष्ट (एकाच दिशेच्या, म्हणजे डीसी) प्रवाहाला मात्र तारेच्या रोधापलीकडे अडथळाच होत नाही.

ट्यूबमधला वायू एकदा आयनीभूत झाला, म्हणजे त्यात विद्युतभारित कण तयार होऊन तो वीज वाहू लागला, की प्रवाह वाढेल तसा त्याचा रोध घटत जातो. आवरणारे कोणी नसेल तर ट्यूब क्षणात निकामी होईल. चार फुटी, 36 वॉटची ट्यूब सुमारे 0.43 अँपिअर प्रवाह घेते आणि तिच्या टोकांमध्ये शंभरेक व्होल्टच पडतात. पुरवठा 230 व्होल्टचा. उरलेला दाब साध्या रोधकावर टाकला तर 50 वॉटहून अधिक वीज नुसती उष्णतेत जाईल, म्हणजे दिव्यापेक्षा शेगडीचाच खर्च मोठा. कॉपर चोक, म्हणजे तांब्याच्या तारेचा हा साधा चोक, हेच काम साधारण 10 वॉटमध्ये उरकतो.

पेटलेल्या पट्टीत व्होल्टमीटर लावला तर ट्यूबवर 100 आणि चोकवर 200 व्होल्टच्या आसपास दिसतात. बेरीज पुरवठ्याहून जास्त! मीटर बिघडलेला नसतो. चोकवरचा दाब प्रवाहाच्या जवळजवळ पाव आवर्तन पुढे धावतो, त्यामुळे हे दोन दाब काटकोनातल्या बाजूंसारखे मिळवावे लागतात. पाव आवर्तनात चोकने साठवलेली ऊर्जा पुढच्या पाव आवर्तनात परत जाते, म्हणून ती खर्ची पडत नाही. याची किंमत वेगळ्या खात्यात मोजावी लागते: शक्तिगुणक (खरोखर वापरलेली वीज भागिले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार) 0.5 च्या आसपास उतरतो आणि तेवढ्याच कामासाठी तारांतून जास्त प्रवाह खेळतो. उपाय म्हणून पुरवठ्याला समांतर कपॅसिटर जोडतात. घरगुती पट्टीत तो बहुधा गाळलेलाच असतो.

ट्यूब पेटवतोही चोकच. स्टार्टरमधली द्विधातू पट्टी तापून चिकटते, ट्यूबचे तंतू तापतात, मग पट्टी गार होऊन सुटते. प्रवाह असा एकाएकी तुटला की चोकमधून कित्येकशे व्होल्टचा झटका उठतो आणि ट्यूब लागते. झटका चुकीच्या क्षणी आला तर लुकलुक सुरूच राहते. व्होल्टेज कमी असले की संध्याकाळी खेडोपाडी हाच खेळ चाले.

गाभा सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा असतो आणि तो चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊ नये, म्हणजे त्याची चुंबकन क्षमता संपू नये, म्हणून त्यात बारीकशी फट ठेवतात. पत्रे सैल झाले की सेकंदाला 100 वेळा थरथरतात. ती गुणगुण हीच. इलेक्ट्रॉनिक चोक वारंवारता 20 किलोहर्ट्झच्या वर नेतो, त्यामुळे त्याला फेराइटच्या (लोह ऑक्साइडयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) गाभ्यावरचे छोटेसे वेटोळे पुरते. एलईडी आल्यावर घरांतून दोन्ही हटत चालले.

वीजकेंद्रांत याच तत्त्वावरचे कित्येक टन वजनाचे रिअॅक्टर (अणुभट्ट्या नव्हेत, मोठाले चोकच) असतात. काही शॉर्टसर्किटचा प्रवाह रोखतात, काही लांब वाहिन्यांवर हलक्या भाराच्या वेळी चढणारा दाब खाली आणतात. चंद्रपूर ते पडघे या 500 किलोव्होल्टच्या दिष्ट प्रवाह वाहिनीसारख्या ठिकाणी ते प्रत्यावर्ती प्रवाहाचे दिष्ट प्रवाहात रूपांतर झाल्यानंतर त्यात उरलेली चढउतार सपाट करतात.