मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि रक्तशर्करा

मधुमेही रुग्णाला नवे मूत्रपिंड मिळाले की त्याच्या साखरेचे जुने गणित मोडते. डायलिसिसच्या काळात इन्सुलिनची गरज बहुधा घटलेली असते. इन्सुलिनचा बराच निचरा मूत्रपिंडांतून होतो. ती थकली की टोचलेले इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते. भूकही मेलेली असते. घरच्यांना वाटते, साखर गेली. हा समज घातक आहे. प्रत्यारोपित मूत्रपिंड कामाला लागताच निचरा पूर्ववत होतो, शिवाय निरोगी मूत्रपिंड स्वतःही थोडे ग्लुकोज तयार करते. म्हणून डोस वाढला की रुग्ण धास्तावतो, पण पुष्कळदा ती मूत्रपिंड नीट चालू लागल्याची खूण असते.

साखर वाढण्यात मोठा वाटा शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांचा. स्टेरॉइडमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून ते कमी स्रवते. त्यामुळे आधी मधुमेह नसलेल्यांनाही तो होऊ शकतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली की साखर दुपारनंतर चढते आणि रात्री उतरते. उपाशीपोटी ११०, दुपारी चारला २८० असे आकडे एकाच दिवशी दिसू शकतात. सकाळच्या तपासणीवर विसंबणारा इथे हमखास फसतो. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटर हाती घ्यायलाच हवा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही सुरुवातीला भरवशाची नसते, कारण रक्तक्षय, रक्त चढवणे आणि रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने यांमुळे तिचा आकडा खाली येऊ शकतो.

रुग्णालयात साखर साधारण १४० ते १८० मिलिग्रॅममध्ये राखतात. अतिदक्षता विभागांतील रुग्णांवरील 'नाइस-शुगर' या २००९ च्या अभ्यासात ती ८१ ते १०८ मध्ये आवळून धरलेल्या गटात मृत्यू अधिक झाले होते. पुढे स्टेरॉइड कमी होत जाते, तसे इन्सुलिनही कमी करावे लागते. ते राहून गेले तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येते.

साखर वाढते म्हणून टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड आपल्या मनाने कधीही बंद करू नये; शरीर मूत्रपिंड नाकारू लागते. गणेशोत्सवाच्या सुमारास बाजारात येणारे पपनसही या रुग्णांनी टाळावे. त्यातील काही घटकांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढू शकते, आणि ती वाढली की साखरेबरोबर मूत्रपिंडालाही झळ बसते.