भुयारातले लंडन : हेन्री मूर यांच्या निवारा-चित्रांची पार्श्वभूमी

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धचित्रकारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि तिची सूत्रे नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे आली. युद्धाची चित्ररूप नोंद राहावी हा समितीचा जाहीर हेतू होता. चित्रकार आघाडीवर मारले जाऊ नयेत, हा क्लार्क यांच्या मनातला. हवाई मंत्रालयाला आपल्या वैमानिकांची व्यक्तिचित्रे हवी होती, त्यामुळे कोसळलेल्या विमानांच्या सांगाड्यांत रमणाऱ्या चित्रकार पॉल नॅश यांच्याशी त्याचे फार काळ जमले नाही.

शिल्पकार हेन्री मूर यांनी युद्धचित्रकार होण्यास आधी नकारच दिला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या कॅम्ब्रेच्या लढाईत त्यांना विषारी वायूची बाधा झाली होती. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले. भुयारी रेल्वेची स्थानके निवाऱ्यासाठी देण्यास सरकार सुरुवातीला राजी नव्हते, कारण एकदा खाली गेलेले लोक वर यायचे नाहीत अशी धास्ती होती. लोकांनी मात्र सरळ तिकिटे काढली आणि फलाटांवर पथाऱ्या पसरल्या. त्याच महिन्यात एका रात्री मूर बेल्साइझ पार्क स्थानकात अडकून पडले. पहुडलेल्या स्त्रीची आकृती ते वर्षानुवर्षे दगडात आणि लाकडात घडवत आले होते. तीच आकृती आता फलाटभर, शेकड्यांनी, पांघरुणाखाली त्यांच्यासमोर होती. या दृश्यावरून मूर यांनी केलेली रेखाटने क्लार्क यांनी पाहिली आणि मूर यांना रीतसर काम मिळाले.

झोपलेल्यांसमोर बसून चित्र काढणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. ते फलाटावरून चालत जात, आडोशाला दोन शब्द टिपून घेत आणि दुसऱ्या दिवशी आठवणीतून चित्र काढत. मेणाच्या खडूवर जलरंगाचा हात फिरवला की रंग मेणावर टिकत नाही. त्यातून काळोखात उजळणारे देह उमटत, आणि शाईच्या रेघांनी त्यांना गोलाई येई. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाचा अर्धवट बांधलेला बोगदा दाखवणाऱ्या १९४१ च्या चित्रात निजलेल्यांच्या दोन रांगा खोलवर जात जात दिसेनाशा होतात. त्यात चेहरे ओळखू येत नाहीत, शौर्याचा आविर्भाव तर नाहीच. सरकारी पैशातून असे चित्र होऊ शकले, याचे मोल मला फार मोठे वाटते.

पुढे स्थानकांत बिछान्यांच्या फळ्या आणि खाण्यापिण्याची सोय झाली, व्यवस्था लागली, आणि मूर यांना तिथे पूर्वीचे नाट्य उरले नाही असे वाटू लागले. १९४१ च्या अखेरीस ते जन्मगावी, कॅसलफर्डला गेले आणि वडिलांनी जिथे काम केले होते त्याच कोळसा खाणीत उतरून खाणकामगारांची चित्रे काढू लागले.